गिऱ्हाईक तयार, बँक तयार नाही

या वेळचे प्रश्न एकाच गाठीभोवतीचे आहेत : घर विकायचं ठरलं, भाव जुळला आणि मग खरेदीदाराच्या कर्जापाशी गाडी अडली. उत्तरं महाराष्ट्रातल्या सोसायटीतल्या रीसेल फ्लॅटला धरून आहेत. बिल्डरकडून नवं घर घेण्याचा मामला निराळा, तो इथे घेतलेला नाही.

प्रश्न : डोंबिवलीतला आमचा फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक लगेच मिळालं, दोन लाख टोकन घेतलं. त्यांच्याकडे बँकेचं सँक्शन लेटरही होतं. तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलाने कळवलं की १९९४चा बिल्डरचा मूळ करारनामा नाही, कर्ज देता येणार नाही. आम्ही २००८मध्ये दुसऱ्या मालकाकडून रोखीने, म्हणजे कर्ज न काढता घेतला, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. सँक्शन झाल्यावर नकार कसा देतात?

खरेदीदार सुरुवातीला जे सँक्शन लेटर दाखवतो ते बहुधा त्या माणसाचं असतं, घराचं नसतं. पगार, आधीची कर्जं आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक) पाहून ‘याला एवढं देता येईल’ इतकंच त्यात म्हटलेलं असतं. घराची तपासणी पुढे दोन वाटांनी होते. ‘लीगल’मध्ये बँकेच्या पॅनेलवरचा वकील कागद वाचतो आणि साधारण तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, काढतो. ‘टेक्निकल’मध्ये व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, घरी येऊन मोजमाप घेतो. हे दोन्ही अहवाल येईपर्यंत ते पत्र म्हणजे नुसता होकार, पैसे नव्हेत.

तुमच्याकडे २००८मध्ये कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी बँकच नव्हती. कर्ज न काढता झालेल्या व्यवहारांतली ढिलाई पुढचं गिऱ्हाईक कर्ज घेऊन आलं की वर येते. बँकेला ‘चेन’ लागते : बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, दुसरा ते तुम्ही. प्रत्येक टप्प्याचा मूळ दस्त, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि मुद्रांक भरल्याचा पुरावा. यातली एक कडी गळली तर वकील अहवालात शेरा मारतो, आणि शेरा असलेली फाइल शाखेतला माणूस स्वतःच्या सहीने पुढे सरकवत नाही. हेका म्हणून नव्हे. मूळ करारनामा आज हातात नाही म्हणजे तो कुणाकडे तरी तारण म्हणून पडलेला असू शकतो, ही त्याची भीती आहे आणि ती रास्त आहे.

आता उपाय. आधी २००८च्या विक्रेत्याला गाठा. मूळ कागद पुष्कळदा त्याच्या कपाटात किंवा त्याच्या जुन्या बँकेत निघतो. तो फ्लॅट त्याने कर्जावर घेतला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्रही त्याच्याकडून मागून घ्या. तिथे काही मिळालं नाही तर पोलिसांकडे कागद गहाळ झाल्याची तक्रार नोंदवा, तिची पोच घ्या. मग वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक ही नेहमीची पद्धत आहे, हरकतींसाठी मुदत बहुधा चौदा-पंधरा दिवसांची. मुदत संपली की हरकत आली नसल्याचं त्याच वकिलाचं पत्र घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. शेवटी प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये मुंबईच्या नोंदी १९८५पासून, तर उरलेल्या महाराष्ट्राच्या २००२पासून दिसतात, त्यामुळे तुमच्या १९९४च्या दस्तासाठी कार्यालयात जाऊन जुनी पुस्तकं शोधावी लागणार. या सगळ्याला दीड-दोन महिने धरा.

एक फाटा महत्त्वाचा आहे. १९९४चा तो करारनामा नोंदणीकृतच नसेल, नुसत्या मुद्रांक कागदावरचा असेल, तर निबंधकाकडे नक्कल मिळणारच नाही. तेव्हा असे करार सर्रास होत. मुद्रांक कमी भरला असेल तर फरकावर महिन्याला दोन टक्के दंड चढत गेलेला असतो. अशा वेळी हातात झेरॉक्स असली तरी ती घेऊन आधी मालमत्तेच्या वकिलाकडे जा. इथे स्वतःच्या डोक्याने काही करू नका.

सगळं झाल्यावरही एखादी बँक नाहीच म्हणेल. त्यामुळे हा गठ्ठा तयार झाला की खरेदीदाराला सांगा, ‘लॉगिन करण्याआधी, म्हणजे कर्जाची फाइल बँकेत दाखल करण्याआधी, ही चेन तुमच्या बँकेच्या वकिलाला दाखवा.’ प्रक्रिया शुल्क भरण्याआधी मिळालेला नकार स्वस्त पडतो. तुम्ही घेतलेल्या टोकनबद्दल लेखी काही नसेल तर आता लिहून ठेवा : मालमत्तेच्या कागदांतल्या त्रुटीमुळे कर्ज नाकारलं गेलं तर टोकन पूर्ण परत, खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे नाकारलं गेलं तर जे ठरेल ते.

प्रश्न : माझ्या फ्लॅटवर अजून १८ लाख ४० हजारांचं कर्ज आहे. खरेदीदारही कर्ज काढणार, पण दुसऱ्या बँकेतून. माझी बँक म्हणते पैसे भरा मग कागद देऊ, त्यांची बँक म्हणते कागद द्या मग पैसे देऊ. मार्ग काय? (पिंपरी)

हा पेच रोज सुटतो, फक्त कागद क्रमाने लागतात. तुमच्या बँकेकडून तीन गोष्टी मागा. फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला एकूण किती भरलं की खातं बंद होईल त्याचा आकडा. एलओडी, म्हणजे त्यांच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी. आणि खात्याचा वर्षभराचा उतारा. या यादीवर आणि तुमच्याकडच्या झेरॉक्सवर खरेदीदाराच्या बँकेचा वकील लीगल करतो. मग नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, होतं, त्यात तुमच्या कर्जाचा उल्लेख स्पष्ट असतो. त्यानंतर खरेदीदाराची बँक पहिला पे-ऑर्डर तुमच्या नावाने नव्हे, तुमच्या बँकेच्या नावाने, तुमचा कर्ज खाते क्रमांक घालून काढते. खातं बंद झालं की मूळ कागद निघतात आणि थेट खरेदीदाराच्या बँकेत जातात.

गडबड होते ती आकड्यात. साडेआठ टक्के दराने १८,४०,००० रुपयांवर रोजचं व्याज सुमारे ४२८ रुपये होतं. फोरक्लोजर लेटर दहा तारखेचं आणि पे-ऑर्डर जमा होतो बावीसला, तर बारा दिवसांचे पाच हजार एकशे चाळीसच्या आसपास कमी पडतात. मधल्या काळात हप्त्याची तारीख येऊन गेली आणि हप्ता कापला गेला तर आकडा पुन्हा बदलतो. पाच हजारांसाठी खातं उघडं राहतं, आणि खातं उघडं म्हणजे कागद बंद. म्हणून पत्र मागताना तारीख दहा-पंधरा दिवस पुढची मागा, रोजचं व्याज त्यात लिहून घ्या, आणि फरक भरायला बचत खात्यात थोडी रक्कम तयार ठेवा. जास्त गेले तर परत मिळतात.

बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँकेला दंड लावता येत नाही. मूळ कागद शाखेत नसतात, ते मध्यवर्ती कोठारातून मागवावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३च्या आदेशाप्रमाणे पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा (तारणाची नोंद) उतरवणं बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. पण तीस दिवस ही कमाल मर्यादा आहे, आणि तेवढे दिवस तुमची उरलेली रक्कम खरेदीदाराच्या बँकेकडे अडकू शकते. मूळ कागद हातात आल्याशिवाय पुष्कळ बँका दुसरा पे-ऑर्डर सोडत नाहीत. हा काळ साठेखतात धरा. त्याच पैशांवर तुम्ही पुढचं घर बुक केलं असेल तर तिथली तारीख किमान दीड महिना लांब ठेवा.

आणखी एक वाट आहे. खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम, म्हणजे मार्जिन, तुमच्या कर्जाइतकी असेल तर त्यातूनच आधी कर्ज फेडून कागद सोडवता येतात. पण खरेदीदार त्याला सहज राजी होत नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही झाला नसता. खरेदीदाराने तुमच्याच बँकेतून कर्ज घेतलं तर निम्मी धावपळ वाचते, हे मात्र त्याला सांगून पाहाच.

प्रश्न : ८० लाखांना सौदा ठरला. बँकेच्या व्हॅल्युअरने ७२ लाखच धरले. खरेदीदार आता भाव पाडून मागतोय. आमचा फ्लॅट ७२० चौरस फूट कार्पेट आहे, व्हॅल्युअरने ६६७ लिहिलं. हे चुकीचं नाही का? (पुणे)

तुमच्या आकड्यातल्या वरच्या ५३ फुटांत बहुतेक बंद केलेली बाल्कनी दडलेली आहे. व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन येतो. नकाशात ६२ चौरस मीटर असेल तर १०.७६४ने गुणून ६६७ फूटच येतात. बाल्कनीला काचा लावून खोलीत घेतली, फ्लॉवर बेडवर लादी टाकली, गच्चीवर पत्रे चढवले, हे सगळं वापरायला छान असलं तरी मंजुरीत नसेल तर तो शून्य धरतो. वर फोटोसकट ‘नकाशाबाहेरचं बांधकाम’ असं लिहितो, ते वेगळंच. जुन्या करारात बिल्टअप (भिंतींसकट) किंवा सुपर बिल्टअप (जिना-लॉबीच्या वाट्यासकट) क्षेत्र लिहिलेलं असतं आणि मालक वर्षानुवर्षं तोच आकडा कार्पेट म्हणून सांगत राहतो, हाही नेहमीचा घोळ.

खरेदीदाराची अडचण समजून घ्या. तीस लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. ही रिझर्व्ह बँकेची चौकट आहे, शाखेच्या मर्जीची गोष्ट नाही. आणि ‘किंमत’ म्हणजे करारातली आणि व्हॅल्युअरची यांतली जी कमी असेल ती. ८० लाखांवर त्याला ६४ लाख मिळणार होते, ७२ लाखांवर ५७ लाख ६० हजार मिळतील. म्हणजे सहा लाख चाळीस हजारांचा खड्डा, शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्याच्याच खिशातून. तो भाव पाडतोय असं तुम्हाला वाटतं. कदाचित त्याच्याकडे खरंच पैसे नसतील.

करण्यासारखं हे : व्हॅल्युएशनचा अहवाल खरेदीदारामार्फत पाहायला मागा. मजला, लिफ्ट, कराराने दिलेलं पार्किंग, इमारतीचं वय यांत चूक असेल तर लेखी दुरुस्ती मागता येते. त्याच इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीचे इंडेक्स टू जोडा, व्हॅल्युअरला गप्पांपेक्षा ते पटतात. बँक दुसरं व्हॅल्युएशन करू शकते. पण बाल्कनीचे फूट परत येणार नाहीत, तो हट्ट सोडा.

दोन शेजारचे फ्लॅट भिंत पाडून एक केले असतील त्यांनीही सावध राहावं. दोन करार, दोन शेअर सर्टिफिकेटं, दोन वीजमीटर आणि स्वयंपाकघर मात्र एकच, अशी जागा पाहून व्हॅल्युअर थबकतो. विक्रीला काढण्याआधी आर्किटेक्टकडून जोडणीचा नकाशा मंजूर करून घेणं उत्तम. ते शक्य नसेल तर भिंत पुन्हा बांधून दोन वेगळे फ्लॅट विकणं पुष्कळदा सोपं पडतं.

इमारत तीस वर्षांपुढची असेल तर आणखी एक प्रश्न येतो : कर्जाच्या मुदतीपेक्षा इमारत जास्त टिकेल का? आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तीस वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. त्याचा ताजा अहवाल आणि दुरुस्ती झाल्याची नोंद सोसायटीकडून घेऊन फाइलीत ठेवा. अहवाल जुना किंवा वाईट असेल तर बँक मुदत कमी करते, मुदत कमी म्हणजे हप्ता मोठा, आणि मोठा हप्ता खरेदीदाराच्या पगारात बसत नाही. भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत राहायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याच्या) अभावाला मात्र असा मधला उपाय नाही. ते नसेल तर मोठ्या बँका सोडून द्या आणि कर्जाविना घेणारं गिऱ्हाईक शोधा, किंवा आधी सोसायटीला ते मिळवायला लावा.

प्रश्न : फ्लॅट वडिलांच्या नावावर. ते दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनेशन आईच्या नावाने आहे. आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण, भाऊ अमेरिकेत. आईच्या सहीने विकता येईल ना? (ठाणे)

नाही. नॉमिनी हा सोसायटीच्या सोयीचा माणूस, मालक नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही दोघं आणि बहीण असे चौघं समान वारस (आजी हयात असेल तर तीही). चौघांनी मिळून विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या, नाहीतर तिघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग तिने एकटीने विकायचं. बँकेच्या दृष्टीने दुसरा मार्ग नेटका, कारण विकणारं नाव एकच राहतं. क्रम असा : मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस, हक्कसोडपत्र, मग शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव. त्यानंतरच जाहिरात द्या. कमिटीची सभा महिन्यातून एकदा होत असेल तर एक सभा हुकली की एक महिना गेला.

अमेरिकेतल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं किंवा नोटरी करून अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) केलेलं असावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरायचा. ते सर्वसाधारण नको, याच फ्लॅटचं हवं, पत्त्यासकट. हक्कसोड करायची असेल तर ‘हक्क सोडण्याचा’ अधिकार त्यात स्पष्ट लिहा. ‘विकण्याचा’ अधिकार असलेल्या पत्रावर हक्कसोडपत्र करायला गेलं की वकील अडवतो आणि कागद पुन्हा समुद्रापार जातो.

भावाला विक्रीतला हिस्सा घ्यायचा असेल तर गणित बदलतं. निवासी विक्रेत्यासाठी किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्शावर तो दर लागू नाही, कपात कितीतरी मोठी असते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढावा लागतो आणि त्याला काही आठवडे जातात. खरेदीदाराला हे साठेखताच्या दिवशी कळलं तर तो उठून जातो, म्हणून भाव ठरतानाच सांगा.

प्रश्न : बँकेला सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) हवी आहे. सेक्रेटरी म्हणतात, आधी एक लाख ‘डोनेशन’. देणं भाग आहे का?

नाही. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००. त्याहून जास्त कुठल्याही नावाने मागता येत नाही. विक्रीसाठी सोसायटीची परवानगी उपविधींप्रमाणे लागत नाही, पंधरा दिवसांची सूचना द्यायची असते. पण खरेदीदाराच्या बँकेला आपला बोजा सोसायटीच्या दप्तरी नोंदवून हवा असतो, त्यामुळे ते पत्र लागतंच. थकबाकी आधी भरा, बँकेच्या नमुन्यात पत्र टाइप करून द्या, अर्जाची पोच घ्या. ऐकलं नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार. पत्र हातात आल्यावर फ्लॅट क्रमांक करारातल्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. करारात ‘ब-१२’ आणि पत्रात ‘१२०२’ असेल तर फाइल परत येते. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर तेही पत्रात येईल. तेव्हा बऱ्याच बँका पाय मागे घेतात.

प्रश्न : डिसेंबरात गिऱ्हाईक ठरेल असं दिसतंय. मार्चअखेर सगळं उरकेल का? घर सध्या भाड्याने दिलेलं आहे. (नाशिक)

उलटं मोजा. भाडेकरूच्या करारात महिन्याची नोटीस असेल तर ती आजच द्या. बँकेला रिकामा ताबा हवा असतो आणि व्हॅल्युअरला सगळ्या खोल्या उघड्या लागतात, कुलूपबंद बेडरूम असली तर तो परत जातो. कागद नीट असतील तर लॉगिनपासून लीगल-टेक्निकल होईपर्यंत दोन-तीन आठवडे, साठेखताची नोंदणी, मग पैसे सुटायला आणखी एक-दोन आठवडे. साठेखत लीगल आणि टेक्निकल झाल्यावरच करा. मुद्रांक भरल्यावर कर्ज फिसकटलं तर लाखांच्या परताव्यासाठी खरेदीदार हेलपाटे घालणार आणि राग तुमच्यावर काढणार.

मार्चचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा. निबंधक कार्यालयात रांगा असतात आणि एक एप्रिलला वार्षिक मूल्यदर (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेले जागेचे किमान दर) बदलू शकतात. दर चढून करारातल्या किमतीपुढे गेला तर मुद्रांक चढ्या आकड्यावर, आणि तो खर्च बँक देत नाही. मार्चमध्ये मुद्रांक भरून दोघांच्या सह्या झाल्या असतील तर नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात, हा आधार आहे. खरेदीदाराच्या सँक्शन लेटरची मुदतही पाहून ठेवा, ती बहुधा तीन ते सहा महिन्यांची असते; मुदत संपली की पगाराच्या पावत्यांपासून पुन्हा सुरुवात.

तुमचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही आत्ताच तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापला जातो. साठ लाखांच्या घरावर साठ हजारांच्या जागी बारा लाख, आणि बँक टीडीएसचं चलन पाहिल्याशिवाय शेवटची रक्कम सोडत नाही.

किल्ली मात्र पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच द्या. पे-ऑर्डरचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, सामानाचा टेम्पो दारात उभा असतो, आणि नावातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे तो पे-ऑर्डर दुसऱ्या दिवशी परत गेलेला असतो. आरटीजीएस मागा. साठेखतातलं तुमचं नाव, पॅनवरचं आणि बँक खात्यातलं तंतोतंत जुळतं का हे लॉगिनच्या आधी पाहिलं असेल तर ही वेळ येत नाही. ताबा देताना वीजमीटरचं रीडिंग आणि घरपट्टीची शेवटची पावती ताबापावतीत लिहून दोघांनी सह्या करा.